उरलेली मुलगी

एसटीडी बूथच्या काचेआडचं बोलणं बाहेर ऐकू येत नाही, असं गिऱ्हाइकांना उगीचच वाटतं. पुणतांब्यातल्या माझ्या बूथमध्ये शिरून एक अनोळखी तरुण पुण्याच्या इस्पितळात कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, "एकाच घरात चौघी, सर. आजी, आई, दोन मावश्या. सगळ्या छातीच्या कॅन्सरनं गेल्या. आता एक मुलगी उरलीय... तिला धोका फार आहे."

ती उरलेली मुलगी बाहेर मीटरकडे बघत बसली होती.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "कंच्या दोन मावश्या वो?"

"एक मनकर्णा, माहेरच्यांनी सांगितली. दुसरी सुशीला, तिच्या सासरी कळली. का?"

"एकच हाय ती. लग्नात नाव बदललं तिचं. एका बाईला दोनदा मारलं तुमी!"

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं... "तुम्ही जयमाला?"

"व्हय. उरलेली."

त्याचं नाव पंकज; राहणारा नगरचा, संख्याशास्त्र शिकलेला. घराण्याघराण्यांतले आजार आणि रक्तातली जनुकं ताडून कुणाला कॅन्सरचा किती धोका, याचं गणित तो मांडायचा. माझं रक्त गावच्या नर्सबाईंनी तपासणीसाठी एकदाच नेलं. तो मात्र येतच राहिला. दर खेपेला नवं कारण, आणि प्रत्येक कारण फुसकं.

"मावशी एक कमी झाली, मंग माझा धोकाबी कमी झाला ना?"

"झाला... थोडा. अशी बघू नकोस, आकडे चुकतात माझे."

मी खळखळून हसले. आई गेल्यापासून माझं हसणं ऐकायला घरात कुणी नव्हतं. स्थळं यायची, आजाराचं कळलं की चहा अर्धा टाकून उठायची. दिवसभर लोकांना फोन जोडून द्यायचे, आणि मला स्वतःला लावायला एक नंबर नव्हता. फार एकटी होते मी.

श्रावणातल्या एका सरीत तो चिंब भिजून आला आणि फोन न करताच बाकावर बसला.

"निकाल आला?" मी विचारलं.

"नाही. पुढच्या महिन्यात."

"मंग आज कशापायी?"

"निकाल आल्यावर विचारलं, तर तुला वाटेल चांगला आला म्हणून विचारतोय... नाहीतर कीव येऊन." त्यानं ओला चेहरा बाहीनं पुसला. "म्हणून आजच. जयमाला, लग्न करशील माझ्याशी?"

"आन वाईट आला तर?"

"तर दोघांचा येईल."

बोलायचं खूप होतं. तोंडातून नुसतं "व्हय" निघालं, तेही रडतरडत.