करंगळीचा स्वर

मार्तंडराव देसूरकर शहापूरच्या विणकरांच्या गल्लीत शिरले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. खांद्यावरच्या पिशवीत मल्टिमीटर, स्टीलची फूटपट्टी, भिंग आणि एक कोरी वही होती. तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे विद्युत विभागात शिकवलेला माणूस. भेंडी घेतानाही तो टोक मोडून पाही. आज तर पन्नास वर्षांपूर्वीची जपानी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती.

गिटारशी त्यांचे नाते त्र्याऐंशी सालीच तुटले होते. त्या वर्षी वर्कशॉपमधल्या लेथने त्यांच्या डाव्या हाताची करंगळी दुसऱ्या पेरापासून नेली. सोल्डरिंगच्या सळईने भाजल्याचा एक तिरपा व्रण त्या बोटाच्या टोकावर होता. बोटाबरोबर तोही गेला. आदल्या दिवाळीत नव्या नवरीसाठी त्यांनी एक छोटीशी धून बसवली होती. तिचा शेवटचा स्वर करंगळीचा. उरलेली तीन बोटे तारांवर अडकलेली असत, त्यामुळे तो दुसऱ्या बोटाने घेताच येत नसे. ती धून पुरी अशी एकदाच वाजली होती.

आता त्या नवरीचे, विनोदिनीबाईंचे, कान जात चालले होते. "सहा महिने, फार तर आठ," असे डॉक्टरांनी सांगितले होते. शेवटच्या स्वराविना का होईना, ती धून तिच्या कानांवर पुन्हा एकदा पडावी, एवढाच मार्तंडरावांचा हट्ट होता.

पत्ता त्यांना एका जुन्या विद्यार्थ्याने दिला होता. दार उघडेच होते. समोरच्या सोप्यात माग खडखडत होता.

"या अण्णा, बसा," मालुबाई म्हणाल्या. "माग बंद करते, न्हाईतर तुमचं बोलणं मला ऐकूच यायचं न्हाई."

सत्तरीच्या या विणकर बाईंनी कपाटातून रेशमी साडीत गुंडाळलेले गाठोडे काढले आणि गाठ सोडली.

मार्तंडरावांनी आतली गिटार उजेडाकडे वळवली. कडेला काळी, मध्ये मधाच्या रंगाची. खुंट्यांवर गंजाचा ठिपका नाही. मान सरळ, पट्टीच्या कडेसारखी. फिकट लाकडावरचे वार्निश आरशासारखे. त्यांनी भिंगातून मानेवरचे एकवीसच्या एकवीस पडदे तपासले आणि वहीत लिहिले : झीज, शून्य.

"कोण वाजवायचं?"

"कुणीबी न्हाई. आमच्या मालकांनी निपाणीच्या एका बँडवाल्याकडनं आणली, त्र्याऐंशी साली. त्येंना कुठं वाजवाय येतंय? रोज पुसायचे नुसती. म्हणायचे, ज्याची हाय तो येईल, तंवर सांबाळायची." त्या हसल्या. "मी म्हणायची, माझं लुगडं फाटलं तरी बघत न्हाईसा, आन् हिला रेशमी साडी!"

व्यवहार पाच मिनिटांत झाला. उठताना मालुबाईंनी हात वर केला.

"येकच ध्यानात ठेवा. अमोशेला तारा ढिल्या करायच्या. आमी माग बंद ठेवतोय का न्हाई अमोशेला, तसंच. राबत्या हाताला म्हैन्यातनं येक दिस इसावा पायजे."

"हात कुणाचा? वाजवणारं तर कुणी नव्हतं."

मालुबाई साडीची गाठ बांधत होत्या. "राबत्या हाताला," त्या पुन्हा म्हणाल्या.

मार्तंडरावांनी अदबीने मान डोलावली. तारा अशा वारंवार ढिल्या केल्या तर मानेवरचा ताण बिघडतो, हे त्यांना ठाऊक होते. तसे करायचे नाही हे गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ठरलेही होते.

टिळकवाडीतल्या घरी त्यांनी गिटार टेबलावर घेतली, नव्या तारा काढून ठेवल्या, जुन्या उतरवल्या. चष्म्याला देतात तशी तोंडाची वाफ देऊन मान स्वच्छ पुसली. बोटाचा एकही ठसा उरू दिला नाही.

चार वाजता नव्या तारा चढवून, गिटार अॅम्प्लिफायरला जोडून त्यांनी ती धून धरली. बोटे अडखळली, पण वाट चुकली नाहीत. शेवटच्या वळणावर करंगळीचे थोटूक सवयीने हवेत उचलले गेले.

स्वर वाजला.

स्वच्छ, गोल, किंचित उशिरा. मार्तंडरावांनी तारांवर हात ठेवला. स्वयंपाकघरातून विनोदिनीबाई पदराला हात पुसत आल्या होत्या.

"पुरी वाजली की," त्या म्हणाल्या.

"तू मनानं पुरी केलीस."

"अहो, कान गेलेत माझे, डोकं नव्हे."

त्यांनी वहीत संभाव्य कारणे लिहिली. बाजूच्या तारेचे अनुकंपन. तारांचा कंप पकडणाऱ्या पिकअपचा दोष. अॅम्प्लिफायरची गुणगुण. अशी सात. तीन दिवसांत सातही खोडली गेली. अकरा वेळा वाजवले, अकरा वेळा स्वर आला. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, त्यातही होता. आठव्या आकड्यापुढे त्यांनी काही लिहिले नाही. वही मिटून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग रोज चार वाजता मैफल होऊ लागली. विनोदिनीबाई अॅम्प्लिफायरच्या पेटीवर तळहात टेकून बसत. ऐकू येईल तेवढे कानाने घेत, उरलेले हाताने. शेवटचा स्वर आला की डोळे मिटत. देणाऱ्याचे नाव माहीत नसताना कुणाचे इतके ऋणी व्हावे, असे मार्तंडरावांना आयुष्यात प्रथमच वाटत होते.

एकोणिसाव्या दिवशी अमावास्या होती. तारा ताणलेल्याच राहिल्या.

सकाळी नुसती बोटे फिरवून पाहिली तर शेवटचा स्वर फार उशिरा आला, आणि उतरलेला. जेवणानंतर करंगळी ठणकू लागली. नसलेली करंगळी. तोडलेल्या अवयवाच्या जागी वेदना होतात हे त्यांनी वाचले होते. पण चाळीस वर्षांत त्या एकदाही झाल्या नव्हत्या. शिवाय ही वेदना ओळखीची होती : पोलादी तारेवर तासन्तास सराव केल्यावर बोटाच्या टोकाला होते ती.

तीन वाजता त्यांच्या हातातून कप निसटला.

"त्या बाईंनी काय सांगितलं होतं?" विनोदिनीबाईंनी विचारले.

"ते शास्त्रीय नाही."

"आणि हे दुखणं?"

मार्तंडराव उठले. एक खुंटी सोडली. दुसरी. तिसरी. सहावी तार सैल पडली आणि वीज जावी तशी वेदना थांबली.

त्या दिवशी चारची मैफल झाली नाही. गिटार साडीत गुंडाळून ठेवताना, झोपलेल्या मुलावरून फिरवावा तसा त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बसून त्यांनी तारा चढवायला घेतल्या. सैल तारा बाजूला सारून मानेवर तोंडाची वाफ दिली.

ठसे उमटले. शेवटच्या स्वराच्या जागी, शेजारी शेजारी, चार.

तीन त्यांचेच होते. त्यांनी भिंगाने ताडून पाहिले. चौथा पुढच्या दोन पडद्यांमधल्या घरात होता. लहान, निमुळता. मधून एक तिरपी रेघ गेलेली.

फडके हातातच राहिले.

"आभारी आहे," मार्तंडराव म्हणाले. खोलीत दुसरे कुणी नव्हते.

वाफ विरत गेली. तीन ठसे तिच्याबरोबर पुसट झाले. चौथा तसाच राहिला. आणि मग, त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश थोडा रुंद झाला, बोट टेकवून कुणी हलकेच दाबावे तसा.