पासंगाचा खडा

एक वडी आठ ग्रॅम आणि तशाच तीन वड्या मिळून वीस ग्रॅम! ऋजुताने डोकं खाजवलं. आठ त्रिक चोवीस हे काही चंद्रावर येऊन बदलत नाही. मग चार ग्रॅम गेले कुठे?

वड्या खताच्या होत्या, आणि त्यांच्या पाकिटावरचं वजन पुसलं गेलं होतं. चंद्रावरच्या वसाहतीतलं पहिलंवहिलं पेरूचं रोप ऋजुताने बी रुजवून वाढवलं होतं. आता त्याची पानं पिवळी पडत चालली होती. त्याला नेमकं बारा ग्रॅम खत हवं होतं. कमी पडलं तर रोप जगणार नाही, जास्त झालं तर मुळं जळतील. वडी तर दगडासारखी, फुटायची नाही. पाण्यात अख्खीच विरघळवायची. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

"आबा, तुमचा तराजू खोटं बोलतो!"

तिचे आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या आईने जुन्नरच्या बाजारात याच तराजूने भाजी विकली होती. चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणून स्प्रिंगचा काटा इथे फसतो. तराजूत मात्र दोन्ही पारड्यांचा भार सारखाच घटतो, म्हणून आबांनी तो हट्टाने बरोबर आणला होता.

"खोटं? रिकामा धरून बघ बरं."

रिकामा तराजू डावीकडे झुकला! उजव्या पारड्यात दोन ग्रॅमचं वजन टाकलं, तेव्हा कुठे दांडी सरळ झाली.

"अरेच्चा!" आबा म्हणाले. "उजव्या पारड्याखाली आईने मेणाने खडा चिकटवला होता. पासंग (पारडी समतोल करणारं जादा वजन). तो कुठे गेला?"

चकाचक नावाचा सफाईचा रोबो पुढे सरकला. "पारड्याला घाण आढळली. खरवडून काढली," तो ऐटीत म्हणाला.

"झालं! करायला गेला गणपती आणि झाला मारुती!" आबा हसले.

ऋजुताला मात्र हसू येईना. "मग सगळं पुन्हा तोलायचं?"

"कशाला? वड्या तू डाव्या पारड्यात ठेवल्यास, आणि तिथे दोन ग्रॅम जादा होते, एवढं कळलं की पुरे. वडीचं वजन ठाऊक नाही, त्याला क्ष म्हणू. आता मांड."

ऋजुताने लिहिलं: ३क्ष + २ = २०.

"हे समीकरण (दोन्ही बाजू समान असल्याचं विधान). कागदावरचा तराजूच म्हण ना! एका पारड्यातून जेवढं काढशील तेवढंच दुसऱ्यातूनही काढ. दांडी हलणार नाही."

तिने दोन्हीकडून दोन काढले: ३क्ष = १८. मग दोन्ही बाजूंना तीनने भागलं: क्ष = ६.

"ताळा करून बघ," आबा म्हणाले.

एकटी वडी म्हणजे सहा आणि वरचे दोन. आठ! जुळलं!

"आबा, दोन वड्या! बरोबर बारा ग्रॅम!" ती आनंदाने ओरडली आणि पाणी आणायला धावली.

नवव्या दिवशी चकाचक रोपापाशी थबकला. हल्ली तो पुसण्याआधी विचारत असे. "हा हिरवा ठिपका घाण आहे का?"

"नाही रे राजा, ती पालवी आहे!" ऋजुताचे डोळे भरून आले.

"मग याला पेरू किती लागतील?"

"ठाऊक नाही," ती हसून म्हणाली. "सध्या क्ष म्हणू."