कारणाचा रकाना

"रडताय का?" फोनवरच्या आवाजानं विचारलं होतं.

"नाही."

"बरं. तुमचं न रडणं आटपेपर्यंत मी थांबतो."

एमनाचा मोबाइल चोरीला गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. फोनकंपनीच्या मदत-केंद्रातला तो आवाज, उशीवर मोगऱ्याचा वास मागे राहावा, तसा तिच्या कानाशी राहून गेला.

आणि काही वर्षांनी, ट्युनिसच्या संसदेत, समितीच्या दालनात, समोरच्या खुर्चीतून तोच आवाज म्हणाला, "पोलिसांनी नंबर पाठवला की आम्ही त्याच्या कॉलची माहिती देतो. का हवी, ते कुणी सांगतच नाही."

हेच बदलायला तर नवा कायदा होत होता. एमना त्याचा मसुदा लिहीत होती. कारण लिहून, न्यायाधीशाची सही घेतल्याशिवाय कुणाचीही माहिती द्यायची नाही, हे तिचंच कलम. आवाजाचं नाव गस्सेन; फोनकंपनीकडून तो समितीला कामकाज समजावायला आलेला.

बैठका झाल्या, चिलगोजे घातलेला चहा झाला, नजरा झाल्या... पण चहा रंगात आला की याचा फोन वाजायचा. "बोल गं हेला," म्हणत तो खिडकीशी जायचा— आणि हसायचा! असं गोड, की एमनाला आपला चहा कडूजहर लागायचा.

त्या दुपारी समितीला, नंबरवरून कॉलची माहिती कशी काढतात, याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. सगळे जेवायला गेले आणि ही दोघं संगणकावर तालीम करत बसली. 'लल्ला' म्हणजे बाई आणि 'सी' म्हणजे साहेब, ही अदब दोघांत अजून होती.

"एखादा नंबर सांगा, लल्ला एमना. कुणाचाही चालेल."

तिनं सांगितला. त्याची बोटं थबकली.

"हा तर माझाच!"

"कुणाचाही म्हणालात ना, सी गस्सेन?"

"म्हणालो खरा. पण नव्या कायद्यानं जाऊ. हा बघा, तुमचाच रकाना. कारण?"

"...तालीम."

"न्यायाधीश हसतील हो! खरं सांगा."

एमनाचे कान तापले. इतक्या जिद्दीनं लिहिलेलं कलम ती स्वतःच मोडायला निघाली होती. पण एक बटण दाबलं, की ती हेला कळणार होती...

"दाबू?" तो हळूच म्हणाला. "हेला दिसेल. माझी थोरली बहीण. किती मिनिटं बोललो, तेही दिसेल. पण रोज तिच्यापाशी कुणाचं नाव काढत होतो... ते नाही दिसायचं यात."

जिन्यावर सभासदांची पावलं वाजली.

"नका दाबू," एमना म्हणाली. "कारण लिहा— मत्सर. जळतेय मी केव्हाची... आवडतोस तू मला, गस्सेन."