पेडलवरचा पाय

ही गोष्ट रात्रीची नाही. आधीच सांगते, म्हणजे तुमचा हिरमोड नको. शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन. जागा, आमच्या घराला लागून असलेलं गॅरेज. मी स्वतः तिथे होते. हात ब्रेक ऑइलने माखलेले होते, पण डोकं ताळ्यावर होतं.

मी एका प्रयोगशाळेत रसायनं तपासते. खात्री झाल्याशिवाय कशाखाली सही करत नाही. यातही पदरचं काही घालणार नाही.

पटलं तर पटलं. पुरावा अजून गॅरेजात उभा आहे.

माझा धाकटा भाऊ दरवाजातून वाकून आत येतो इतका उंच आहे, तरी घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, बुटकी, दोनच सीटची. बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर आडवं व्हायचं.

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. "दोघांचीच? मग मला काय डिकीत घालून नेणार?"

"डिकीपण लहान आहे गं."

"मेल्या!"

गाडीचं सगळं काम बारक्या घरीच करायचा. प्लग बदलले, दिवे बदलले, आतलं फाटकं कातडं काढून नवं शिवून घेतलं. मी मदतीला असायची. मला आवडायचं ते. पाने ओळीने मांडून ठेवलेले असले की मला बरं वाटतं.

गाडी ज्यांनी विकली ते एक वयस्कर काका. एकटे राहायचे. किल्ली देताना ते गाडीजवळ आलेच नाहीत. पायरीवर उभं राहून म्हणाले, "बाकी काय ते घरी करा. ब्रेकचं काम तेवढं बाहेर द्या."

"का हो काका?"

"त्याला दोन माणसं लागतात."

"मग आहोत की आम्ही दोघं," बारक्या हसला.

काका हसले नाहीत.

त्या शनिवारी आम्ही ब्रेकचंच काम काढलं होतं. दुसऱ्या दिवशी बारक्या मित्रांबरोबर डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर गाडी नेणार होता. त्याआधी नवे पॅड आणि रबराऐवजी स्टीलच्या जाळीचे पाइप बसवायचे होते. आईने त्याच्यासमोरच मला बजावलं होतं, "त्याचं मला काही सांगू नकोस. ब्रेक तू बघ. तू ठीक म्हणालीस तरच ती गाडी बाहेर पडेल."

म्हणजे जबाबदारी माझी.

पाइप बदलले की ब्रेकमध्ये हवा शिरते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. ती आत राहिली, तर पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून एअर काढावी लागते. एक जण आत पेडलपाशी, एक जण बाहेर चाकापाशी.

बाहेरच्याने म्हणायचं, "दाब." आतल्याने पेडल दाबून सांगायचं, "दाबलं." मग चाकामागचा छोटा नट सैल करायचा. बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. नट आवळायचा. आणि त्यानंतरच म्हणायचं, "सोड."

नट उघडा असताना पाय उचलला तर सगळी हवा परत आत. म्हणून नियम एकच. 'सोड' ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

काही झालं तरी नाही.

गाडी चार स्टँडवर चढवलेली. चाकं काढलेली. धूळ नको म्हणून शटर अर्धं ओढलेलं. बारक्या आत बसला, मी मागच्या डाव्या बाजूला फरशीवर.

"दाब."

"दाबलं, राणीसरकार."

"सोड."

"सोडलं, राणीसरकार. आणखी काही हुकूम?"

"बडबड बंद. एकदा पाय चुकला की सगळं पहिल्यापासून."

"फुगली बाई!"

ते चाक झालं. बाटलीत जुनं काळं ऑइल साचलं होतं. मी ती कोपऱ्यातल्या नळावर नेऊन धुतली, पुसून कोरडी केली आणि मागच्या उजव्या बाजूला येऊन बसले. तिथून आतला माणूस दिसत नाही. सीटची पाठ उंच आहे आणि काच माझ्या डोक्याच्याही वर.

"दाब."

उत्तर आलं नाही.

नुसतंच... टक्.

स्टिअरिंगवर काहीतरी टणक वाजल्यासारखं. मला वाटलं, रुसला. मी गप्प बस म्हणाले ना, म्हणून आता खुणेने बोलतोय.

नट सैल केला. ऑइल आलं. पहिल्या चाकाच्या वेळी बारक्या धसमुसळ्यासारखा दाबत होता. आता पेडल सावकाश, एका लयीत खाली जात होतं. हात बसलेल्या माणसाचं काम कळतं. तसं.

"सोड."

टक्.

"शिकलास की रे," मी म्हणाले.

काही नाही.

मी पुढच्या डाव्या चाकाशी गेले. दाब, टक्. सोड, टक्. इतकं सुरळीत काम आम्हा दोघांचं कधी झालं नव्हतं. मला खरं तर बरंच वाटत होतं... पण मध्येच जाणवलं की बारक्याची शीळ नाही. तो गप्प बसू शकत नाही. शीळ घालेल, बोटं मोडेल, निदान सीट तरी करकरवेल.

काहीच नव्हतं.

गाडीत कुणी श्वास घेतोय असंसुद्धा वाटत नव्हतं.

शेवटचं चाक पुढचं उजवं. ड्रायव्हरच्या दाराला लागूनच. मी बसले तेव्हा माझा खांदा दाराला टेकला होता.

"दाब."

टक्.

अगदी कानाशी.

नट उघडला. एकही बुडबुडा नाही. नळीतून मधासारखं स्वच्छ ऑइल आलं. मी नट आवळला. 'सोड' म्हणायला तोंड उघडलं...

तेवढ्यात शटर वर गेलं.

बारक्या दारात उभा होता. दोन्ही हातांत चहाचे कप.

"सॉरी ताई. फोन इतका लांबला ना! थांबलीस ना माझ्यासाठी?"

माझ्या हातातला पाना खाली पडला नाही. तो मी अजून नटावरच धरून ठेवला होता.

"तू कधी गेलास?"

"तू बाटली धूत होतीस तेव्हा. 'आलोच' म्हणालो की. पाण्याच्या आवाजात ऐकलं नसशील."

माझा खांदा अजून दाराला टेकलेला होता. मला वळून बघायचं नव्हतं.

"बारक्या, आत कोण आहे?"

त्याने वाकून काचेतून पाहिलं. "कोण असणार? कुणी नाही." मग कपाळाला आठ्या. "सीट कुणी पुढे घेतली? आई येऊन बसली होती का?"

आईचे गुडघे दुखतात. त्या गाडीत ती बसू शकत नाही. बसली तर उठू शकत नाही.

मी उठून पाहिलं. सीट पार पुढे सरकलेली होती. बारक्याचे पाय तिथे मावलेच नसते. एखादी बुटकी, बारीक चणीची बाई असती तर... तिलाच जमलं असतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला. पण मानायला तयार नाही. "मीच चारही चाकं केली असतील आणि मग गेलो असेन. तू कामात असलीस की तुला जगाचं भान नसतं."

मी वाद घातला नाही. पुढच्या चाकामागची, ब्रेक जिला धरतो ती डिस्क हाताने फिरवून पाहिली.

फिरेना.

ब्रेक लागलेला होता. आत कुणी नसताना.

याची कारणं असू शकतात. सिलिंडरचा दट्ट्या अडकला असेल. पेडलची दांडी नीट बसली नसेल. मी मनात एकेक करून पाहत गेले आणि चाकामागचा नट जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडून थेट भिंतीवर गेली. दाब होता आत. भरपूर. डिस्क सुटली, फिरायला लागली. मी नट आवळला आणि डिस्क फिरवत राहिले.

एक फेरा. दुसरा.

मग ती जड व्हायला लागली... हळूहळू... एका लयीत.

थांबली.

टक्.

बारक्यानेही ऐकलं. पण म्हणाला, "नवे पॅड आहेत गं. घासत असतील. एक चक्कर मारली की बसतील."

"ही गाडी हलवायची नाही," मी म्हणाले आणि हात धुऊन घरात गेले. काकांना फोन लावला. ते उचलेनात. अर्धा-पाऊण तास पुन्हा पुन्हा लावत राहिले. मध्येच आईने विचारलं, "झाले का ब्रेक? ठीक आहेत ना?"

"अजून नाही," म्हणत मी पुन्हा नंबर लावला.

शेवटी काकांनी उचलला. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "काका, ब्रेकचं काम आधी कोण करायचं?"

"आम्हीच. मी चाकापाशी. ही पेडलवर."

"काकू... आहेत का?"

"ती गेली, म्हणून तर गाडी विकली." मग म्हणाले, "घरीच केलंत ना शेवटी?"

"हो."

"ती बोलायची नाही. अंगठी वाजवायची. स्टिअरिंगवर." ते घाईघाईने बोलत होते. "एवढं सांगा. शेवटच्या चाकानंतर... 'सोड' म्हणालात ना?"

मी उत्तर देण्याआधीच बाहेर इंजिन सुरू झालं.

धावत जाईपर्यंत गॅरेज रिकामं. चाकं चढवून बारक्या गाडी घेऊन गेला होता. स्टँड एका बाजूला, चहाचे कप तसेच. मी फोन लावला. तो फळीवरच वाजायला लागला. बारक्या फोन विसरून गेला होता.

लागलेल्या ब्रेकवर गाडी ओढली की ब्रेक तापतात. तापले की ऑइल उकळतं, वाफ होते, आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. आमच्या रस्त्याला पुढे उतार आहे. उतार संपतो तिथे मोठा रस्ता, आणि त्यावर ट्रकची रांग कधी तुटत नाही.

मी चपला न घालता पळाले.

गाडी उतारावर मध्यभागी थांबली होती. चारही चाकांतून धूर. जळक्या पॅडचा वास. बारक्या सुखरूप होता. खाली उतरला होता आणि गाडीच्या पुढे, उताराच्या बाजूला, उकिडवा बसून चाकात डोकावत होता.

"ताई, जाम झालीय. न्यूट्रलमध्ये टाकली तरी ढकलेना. हँडब्रेकपण नाहीये लावलेला, मागची केबल जोडायचीय अजून."

तो हे सगळं म्हणाला. मी ऐकलंही. पण माझ्या डोक्यात काकांचा प्रश्न घुमत होता. मी खिडकीपाशी पोहोचले. सीट पुन्हा पार पुढे. पेडल... खाली दाबलेलं.

कुणाचाही पाय नसताना.

मी खिडकीत तोंड घालून म्हणाले, "सोड."

खात्री झाल्याशिवाय कशाखाली सही न करणारी बाई मी. आणि हे म्हणाले.

टक्.

पेडल हलकेच वर आलं. आणि गाडी सुटली.

बारक्या पुढेच बसलेला. त्याला उठायलाही वेळ मिळाला नाही. तो मागे कोलमडला, गाडीचं नाक त्याच्या पायांवर आलं, मी खिडकीची चौकट धरून ओढत होते, माझे तळवे सोलत होते, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले,

"दाब! दाब! दाब!"

गाडी जागच्या जागी थांबली.

बंपर बारक्याच्या गुडघ्याला टेकला होता. नुसता टेकला होता.

टक्.

तो तसाच आडवा पडून माझ्याकडे बघत होता. मी बाहेर उभी. माझे दोन्ही हात चौकटीवर. आत रिकामी सीट.

"ताई... ब्रेक कुणी दाबला?"

क्रेनने उचलून गाडी परत आणावी लागली, कारण चाकं फिरत नव्हती. मेकॅनिक आला. सिलिंडर बदलला. नट उघडला की चाक सुटायचं, आवळला की पुन्हा हळूहळू धरायचं. दुसऱ्या वेळी त्याने काम करता करता मान वर केली, आत बघितलं, पाने गोळा केले आणि निघून गेला.  पुन्हा आलाही नाही.

काकांना मी नंतर फोन केला होता. त्यांनी एकच विचारलं, "आता धरलंय का तिने?"

"हो."

"मग राहू दे," म्हणाले. आणि रडायला लागले.

बारक्या गॅरेजात जात नाही. परवा जेवताना म्हणाला, "ताई, आता सपाट जमिनीवर आहे गाडी. एकदा म्हणून टाक ना. सुटेल तरी."

त्याचं गणित बरोबर आहे. गाडी हलणार नाही. पण काकूंच्या पायाखालचं पेडल सुटलं, की तिला त्या सीटवर बसून राहायचं कारण उरणार नाही. मग ती उठेल. गॅरेजातून एक दार घरात उघडतं.

आणि न म्हणावं, तर माझ्या भावाचा जीव वाचवून ती तिथे पाय दाबून बसली आहे. माझ्या एका शब्दासाठी.

तो शब्द मी आता घरात उच्चारत नाही. आईसुद्धा उच्चारत नाही. तिला आम्ही काही सांगितलेलं नाही, तरी.

शनिवारी दुपारी घर शांत झालं, की भिंतीपलीकडून आवाज येतो...

टक्.

मग जरा थांबून पुन्हा...

टक्.

पूर्वी एकदाच यायचा. तिचा धीर सुटायला लागलाय.