जमुनाला सोपेच प्रश्न का?

एकाच बाकावरच्या दोघींनी सारखीच उत्तरं द्यावीत आणि यंत्रानं एकीला अवघड प्रश्न द्यावेत, दुसरीला सोपे. याला काय म्हणायचं? जमुना पावराला तर यात सरळ काळंबेरं दिसत होतं.

सातपुड्यातल्या तिच्या आश्रमशाळेत यंदा 'सोबती' आला होता. सोबती म्हणजे संभाषक (माणसासारखं बोलून शिकवणारी संगणकाची आज्ञावली). शनिवारपर्यंत पाच अवघड प्रश्न सोडवील, त्यालाच पुण्याच्या संगणक शिबिरात जागा. शेजारच्या सेजलचे तीन झालेसुद्धा. जमुनाच्या वाट्याला मात्र रोज तेच बाळबोध प्रश्न आणि वर गोडगोड शाबासकी! तिचं डोकंच फिरलं.

"मॅडम, हा लबाड आहे," तिनं वर्गशिक्षिका वळवी मॅडमना सांगितलं. "सेजलचं नि माझं उत्तर शब्दाला शब्द तेच आहे. बघा तुम्ही."

मॅडमनी सोबतीवर नाव नोंदवताना दोघींनी भरलेले अर्ज उघडले. फरक फक्त गावाचा. जमुनानं आपला पाडा लिहिला होता. सेजल सुट्टीत नाशिकला मामाकडे असते, म्हणून तिनं गाव ठोकून दिलं होतं, नाशिक!

जमुनानं टॅबलेट तोंडासमोर धरला. "खरं बोल. पाड्यावरच्यांना अक्कल नसते, असंच ना?"

"जुन्या संभाषणांचा विदा (साठवून ठेवलेली माहिती) बघून मी अंदाज बांधतो," सोबती म्हणाला. "शहरांतली हजारो संभाषणं आहेत. पाड्यांवरच्या मुलींची फक्त अकरा. त्या अकराही जणी दोन वाजता, अवघड प्रश्नांची वेळ झाली की निघून जायच्या."

"दोनला? अरे, दोनला आमच्या पाड्यांवर वीज जाते! टॉवर बंद पडतो. त्या कुठं पळाल्या?"

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि तू विचारलंही नाहीस!"

मॅडम हसल्या. "त्याला बोलणं तुटलेलं दिसलं, कारण दिसलं नाही. त्यात माहिती अकराच जणींची. मग अंदाज चुकणारच, जमुना."

"मग आता अवघड दे," जमुनानं फर्मावलं.

चार सुटले. पाचवा प्रश्न तीनदा चुकला. शनिवारी सकाळी सुटला, आणि शिबिरातली जागा पक्की झाली. जमुनाला हसू आवरेना.

"तुझं हे बोलणं पुढच्या मुलांना शिकवताना वापरू का?" सोबतीनं विचारलं.

तिचा संशय अजून पुरता गेला नव्हता.

"वापर. पण माझं नाव काढून टाक," ती म्हणाली. "पाड्याचं तेवढं राहू दे."