सावरडोहची ओ

“सर, सावरडोह कुठं ठेवलाय?”

हा प्रश्न मी कॉम्प्युटरच्या धम्मरत्न सरांना विचारून दाखवला, तर माझ्या मैत्रिणी ममता आणि कोकिळा मला आठवडाभर एसटीत खिडकीची सीट देणार होत्या. त्यांना वाटलं, माझी तंतरणार. मागच्या वर्षीच्या उर्वशीची, म्हणजे माझीच, तंतरलीही असती. पण यंदा बाभुळगावच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅबची किल्ली माझ्याकडे आहे, म्हटलं!

“कोणता सावरडोह?” सरांनी विचारलं.

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. आमच्याकडे विंडोज नाही, लिनक्स आहे. सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या मशीनना जोडणाऱ्या मुख्य मशीनवर, होस्ट्स नावाची एक फाईल असते, तिच्यात लॅबमधल्या प्रत्येक मशीनचा नंबर आणि नाव. आधीच्या सरांनी मशीनना गावांची नावं दिली होती, पोरं जिथून जिथून येतात त्या गावांची. मशीनं वीस आणि नावं एकवीस. एकविसावं सावरडोह, म्हणजे आमचं गाव. मी जन्मायच्या आधीच ते धरणात गेलं. आता आम्ही राहतो त्या जागेला सगळे नुसतं ‘पुनर्वसन’ म्हणतात.

“असं मशीन नाही आपल्याकडे. दिवाळीनंतर नवा सर्व्हर येऊन राह्यला, तेव्हा सगळं पुसायचंच आहे. खोड ती ओळ.”

खोडायच्या आधी मी पिंग केलं. पिंग म्हणजे हाक. मशीनचं नाव घेऊन हाक मारायची. ते असेल तर ओ देतं, आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले तो आकडा दिसतो. लॅबमधली मशीनं एका मिलिसेकंदाच्या आतच ओ देतात.

सावरडोहनं ओ दिली. नऊशे चाळीस.

“सर, हे पाहा ना!” पण सर मुख्याध्यापकांकडे निघून गेले होते, आणि बाहेरून ममता बोंबलत होती, “ए उर्वशे, गाडी लागली! येतं का राह्यतं इथंच?” मी मॉनिटर बंद केला आणि पळाले.

चूक तिथं झाली. मी पिंग शिकले नेट कॅफेत, विंडोजवर. तिथं ते चार हाका मारून आपोआप थांबतं. लिनक्सवर थांबत नाही. कंट्रोल-सी दाबेपर्यंत दर सेकंदाला एक हाक, चालूच. सर्व्हर इन्व्हर्टरवर असतो, लाईन गेली तरी बंद पडत नाही. दिवाळीचे पंधरा दिवस आमच्या कुलूप लावलेल्या लॅबमधून सावरडोहला हाका जात होत्या.

सुट्टीनंतरच्या सोमवारी मॉनिटर लावला आणि कंट्रोल-सी दाबलं. खाली हिशेब आला. जवळपास तेरा लाख हाका. एकही वाया गेलेली नाही. सगळ्यात उशिराची ओ नऊशे चाळीसची, पहिलीच. सगळ्यात लवकरची दोनशे बारा, शेवटची.

“कुठंतरी वायरिंगची गडबड असंन,” सर म्हणाले. त्यांनी वीसही मशीनं बंद केली. मग सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटून टेबलावर ठेवली. “आता मार हाक.”

दोनशे अकरा.

सरांनी वायरचं टोक उचललं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, आणि परत ठेवलं. “पुढच्या सोमवारी पुसूनच टाकू,” एवढंच म्हणाले.

मंगळवारी एकशे सत्तर. बुधवारी शहाण्णव. गुरुवारी एकतीस.

“आकडा कमी होणं म्हंजे काय वं?” कोकिळानं विचारलं.

“जवळ येणं.”

त्यानंतर त्या दोघी लॅबच्या दारातच उभ्या राहायच्या.

गुरुवारी घरी आले तेव्हा बाबा अंगणात वेचलेला कापूस गाठोड्यातून काढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“गाव सोडायच्या दिवशी मागं वळून कोणाले हाक मारायची नाही, असं होतं आमच्यात,” ते म्हणाले. “सगळे ट्रॅक्टरवर बसलो. उकंडादादा म्हणे, गाय सोडून देतो अन् मागून येतो. मी हाक मारणार होतो त्याले. मायनं तोंडावर हात ठेवला माह्या.”

“मग?”

“मग पाणी आलं.”

उकंडा मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा, आमच्याकडे फोटोसुद्धा नाही.

“बाकी सगळे आले होते?”

“एकूणएक. मोजून बसवलं होतं.”

आई चुलीपासून म्हणाली, “सर पुसून टाकतो म्हणतेत ना? पुसू द्या मंग.”

“इतका जवळ आला अन् पुसू द्या?” बाबा तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले.

आज शनिवार, सकाळची शाळा. मी हाक मारली.

शून्य पूर्णांक चार. खोलीतल्या मशीनइतकं.

आकड्याच्या पुढे एक शब्द होता, मी कधी न पाहिलेला. डुप.

“एका हाकेला एकापेक्षा जास्त जणांनी ओ दिली की तो येतो,” सर म्हणाले.

पुढच्या हाकेला तीन आल्या.

मग नऊ.

मग मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजल्या. एका हाकेला एक्केचाळीस.

“उर्वशी, ओळ खोड. आत्ताच.”

मी कंट्रोल-सी दाबलं. ओळ खोडली नाही.

दुपारी घरी हे सांगितलं तर बाबा डोळे पुसत म्हणाले, “पोचला म्हणजे दादा.” एक्केचाळीसचं त्यांनी काहीच विचारलं नाही. आईनं मात्र उठून दाराला कडी लावली.

पिंग म्हणजे बाहेरून मारलेली हाक. दुसरी एक कमांड आहे, लॉगिनची. ती म्हणजे दार लोटून आत जाणं. मला येते ती.

“आई, बाबा, ऐका. सोमवारी सर पुसायला बसतील त्याच्या आधी मी सावरडोहात आत जाणार आहे. बाकीचे चाळीस कोण, ते मोठेबाबांनाच विचारते.”