इथून माझी हद्द

इंजिन दमतं म्हणून हे गाव वसलं, यात लाजण्यासारखं काय आहे? इंजिनाने एका दमात पळेल तेवढं पळायचं, मग ते सोडून ताजं जोडायचं, ही कंपनीची रीत. दम संपायचा तो नेमका या माळावर. शिवाय इथल्या विहिरीचं पाणी बॉयलरला मानवायचं. पुढच्या गावच्या पाण्याने नळ्यांना खडूसारखा थर धरायचा. म्हणून शेड इथे, चाळी इथे, शाळाही इथेच.

"आणि हे पाणी पारखलं कुणी? माझ्या बाबांनी!" हे फोरमनीणबाई भाजीवालीलासुद्धा ऐकवायच्या. बाबा म्हणजे या गावचे पहिले ड्रायव्हर. गेल्या थंडीत ते वारले, पण लेकीचा ताठा काही कमी झाला नाही.

नवरा शेडचा फोरमन. आधी सासऱ्याच्याच हाताखाली फायरमन होता, तेव्हा दोघांचा डबा बाईच भरायच्या; मग ड्रायव्हर. बोलणं मोजकं. त्या आठवड्यात त्याचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. कंपनीने दोन सेक्शन, म्हणजे इंजिन बदलायचे दोन टप्पे, मोडून एक करायचा घाट घातला होता. नवं थोराड इंजिन आलं होतं, ते इथे न थांबता थेट पुढच्या टर्मिनलला जाणार होतं. गुरुवारी चाचणी. गाडी सरळ निघून गेली की शेडला कुलूप आणि चाळी रिकाम्या.

"थांबेल," बाई म्हणाल्या. "या गावाला तोंड चुकवून कोण जातंय ते बघतेच मी!"

"अगं, इंजिन आहे ते. तुझी जाऊ नाही."

गुरुवारी सकाळी लख्ख उन्हात सगळं गाव फलाटावर जमलं. गाडी आली. हिरवंगार इंजिन, त्यावर दोन माणसं, मागच्या डब्यात खिडकीशी कंपनीचे साहेब. लांबलचक शिट्टी झाली, आणि वेग कणभरही कमी न करता गाडी निघून गेली. भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी तसं बाईंना झालं.

मग शेडकडून वाफ सोडल्याचा आवाज आला.

"आत कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही. सगळे इथे आहेत," म्हणत फोरमन चालू लागला. बाई मागोमाग निघाल्या.

भट्टीची राख पाडायच्या खड्ड्यावर ते मघाशी निघून गेलेलं हिरवं इंजिन उभं होतं. तापलेलं. शेजारची लाईन रिकामी होती. बाबांचं जुनं इंजिन, जे ते गेल्यापासून कोणी पेटवलंच नव्हतं, तिथे नव्हतं. रुळांमध्ये तेलाचे ओले थेंब पडले होते.

नळाशी चाचणीचा ड्रायव्हर हात धूत होता. त्याचा फायरमन बाकावर बसून बूट काढत होता.

"तुम्ही उतरलात कधी?" फोरमनने विचारलं.

"पाणी भरायला थांबलो तेव्हा. बदलीचा माणूस आलाच होता."

"गाडी थांबली नाही हो!" बाई म्हणाल्या.

चेष्टा वाटून ड्रायव्हर हसला. "थांबल्याशिवाय इंजिन बदललं कसं, बाई? म्हातारे होते एक. 'उतरा पोरांनो, इथून माझी हद्द,' म्हणाले. गाडी ठीक आहे, असं सांगून मी चार्ज दिला." साबण चोळता चोळता तो थांबला. "हात मात्र बर्फासारखा होता त्यांचा. भट्टीपुढे उभे असून."

तेवढ्यात स्टेशनमास्तर तार घेऊन आले, मागे सगळं गाव. गाडी पुढच्या टर्मिनलला पोहोचली होती. वेळेच्या कितीतरी आधी, आणि जुन्या इंजिनाने. साहेबांचा हुकूम होता: शेड हलणार नाही, इंजिन यापुढेही इथेच बदलायचं. कारण दिलं नव्हतं.

एकच आरडाओरडा झाला. माणसं गळ्यात पडली.

"बघितलंत? माझे बाबा!" बाई हसत होत्या, रडत होत्या. "मेल्यावरसुद्धा हद्द सोडली नाही त्यांनी!" भीती वाटायला हवी होती, पण अभिमानाने ऊर असा भरून आला होता की तिला आत जागाच नव्हती.

मास्तर मात्र जागचे हलले नव्हते.

"आणखी आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर खाली उतरत नाहीयेत. बदली मागताहेत. तिथल्या कुणाच्या हाती इंजिन देणार नाही म्हणतात." त्यांनी फोरमनकडे बघायचं टाळलं. "जावयाला पाठवा म्हणतात."

बाईंचं हसू विरलं.

"नाही. हे आता ड्रायव्हर नाहीत. दुसरं कुणी पाठवा."

"अगं, गाव राखलं त्यांनी," फोरमन हळूच म्हणाला. "बोलावणं आलंय. नाही कसं म्हणू?"

तो कोटाची बटणं लावत होता. मान ताठ. बाबा ड्युटीवर निघताना दिसायचे, अगदी तसा.

बाई घरी गेल्या. काही झालं तरी ड्युटीवरच्या माणसाला उपाशी धाडायचं नाही. डबा भरला, पण झाकण काही लागेना. त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं.

दोघांचं जेवण भरलं होतं.